हात पुढे करा

माणसाचा चेहरा मी नंतर बघते, आधी हात बघते. रक्तपेढीत नोकरी करून ही खोड लागली आणि आता ती सुटायची नाही. बसमध्ये शेजारच्याने बाही वर सरकवली की माझी नजर आपसूक त्याच्या कोपराच्या लवणीत जाते. शीर वर आहे का, खोल आहे का, सुई लावताना बाजूला सरकेल का, हे सगळं मी मनातल्या मनात नोंदवून ठेवते. माझ्या नजरेकडे बघणाऱ्यांचा गैरसमज होत असेल, तो होवो.

अलीकडे या हातांवर वाचायलाही पुष्कळ असतं. नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या कारखान्यात शिबिर असलं की ॐ, त्रिशूळ आणि ‘आई’. ‘आई’ तर इतक्या वळणांची पाहिली आहे की त्यावरून माणूस मराठी शाळेत शिकलाय की नाही ते सांगता यावं. शिवजयंतीच्या शिबिरात राजमुद्रा, 14 एप्रिलच्या शिबिरात अशोकचक्र आणि ‘जय भीम’. कॉलेज रोडवरच्या पोरापोरींच्या मनगटांवर पक्ष्यांचा थवा, मोराचं पीस, रोमन आकड्यांत एखादी तारीख. तारीख कसली ते मी विचारत नाही. माझ्या फॉर्मवर तो प्रश्न नाही. माझा प्रश्न वेगळा असतो: गेल्या वर्षभरात टॅटू काढलाय का?

काढला असेल तर रक्त घेत नाही. बारा महिने थांबा, मग या. एवढं ऐकलं की पोरांची तोंडं उतरतात. मित्रांबरोबर हौसेनं आलेला असतो, प्रमाणपत्र आणि बिस्किटाचा पुडा घेऊन फोटो काढायचा असतो, आणि ही बाई म्हणते परत जा. एकाने मला सुनावलं होतं, “मॅडम, माझा टॅटू देवाचा आहे.” मी म्हटलं, देवाबद्दल माझी काही तक्रार नाही, सुई कोणाची होती ते सांग.

टॅटू वाईट म्हणून त्याला परत पाठवत नाहीत, हे या निमित्तानं स्पष्ट केलेलं बरं. कारण गणिती आहे. आम्ही प्रत्येक पिशवीवर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या चाचण्या करतो. पण विषाणू अंगात शिरला की तो दुसऱ्या दिवशी चाचणीत सापडतोच असं नाही. मध्ये एक काळ असा जातो की माणूस ठणठणीत असतो, चाचणी स्वच्छ येते आणि पिशवीत मात्र विषाणू असतो. आता चाचण्या सुधारल्या, हा काळ पुष्कळ आखडला, तरी तो शून्य झालेला नाही. त्यात एका पिशवीचे लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स असे भाग करतात, म्हणजे एकाचं रक्त तिघांपर्यंत जाऊ शकतं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराची मुलं तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवून घेतात. त्यांच्या वाट्याला आपला अंदाज यायला नको, म्हणून बारा महिने.

यातून एक अफवा मात्र घट्ट बसली आहे, की टॅटू काढला की आयुष्यात कधीच रक्त देता येत नाही. घराघरांतल्या आया ही अफवा धमकी म्हणून वापरतात. वर्ष झालं, बाकी तब्येत ठीक आहे, की खुशाल द्या. हातभर टॅटू असलेले आमचे नेहमीचे रक्तदाते आहेत. त्यांची शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटानं चाचपून शोधावी लागते, एवढाच काय तो त्रास, आणि तोही माझा.

काही जण खोटं बोलतात. “दीड वर्ष झालं” म्हणतात आणि त्या जागेची कातडी अजून पापुद्रे सोडत असते, चकाकत असते, रेघ बोटाला उंच लागते. त्यांना मी पाणी पाजून, गोड बोलून बाजूला काढते. चारचौघांत उघडं पाडलं तर माणूस पुन्हा शिबिराकडे फिरकत नाही.

तर माझ्या लेखी टॅटूच्या तोट्यांची सुरुवात सुईपासून होते. चित्र चुकेल का, म्हातारपणी कसं दिसेल, लोक काय म्हणतील, या सगळ्यावर घरोघरी तासन्‌तास भांडणं होतात. सुई नवी आहे का, हे क्वचितच कोणी विचारतं. चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेला किंवा पौष महिन्यात त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांच्या यात्रेला जाऊन बघा. जत्रेत बॅटरीवर चालणारं घरघरतं मशीन घेऊन गोंदणारा बसलेला असतो. पुढ्यात नक्षीचा फलक, बदाम, नाग, गदा, नावांची अक्षरं. गिऱ्हाइकामागून गिऱ्हाईक येतं. शाईची वाटी तीच, पुसायचं फडकं तेच, आणि सुई... गर्दीत सुईकडे कोण बघतो? त्या माणसाला मी नावं ठेवत नाही. त्याचं पोट त्यावर आहे आणि प्रत्येकाला नवी सुई, नवी शाई, नवे हातमोजे द्यायचे तर त्याच्या भावात ते बसत नाही. पण भाव परवडला नाही म्हणून विषाणू काही सवलत देत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातसुद्धा आठवडाभर तग धरतो. त्याच्यावर लस आहे, सीवर आजही लस नाही.

2027 साली सिंहस्थ आहे. गोदाघाटावर, पंचवटीत, तपोवनात माणसांचा समुद्र असेल आणि त्यात आठवण म्हणून हातावर काहीतरी उमटवून घेणारे असतीलच. पाणी, शौचालयं, गर्दी, पूल या सगळ्याच्या बैठका होतात. वापरलेल्या सुया टाकायला डबे ठेवा आणि गोंदणाऱ्यांना एकदाच वापरायच्या सुया पुरवा, एवढी एक ओळ त्या नियोजनात कोणीतरी घालावी असं मला फार वाटतं. आणि ज्यांनी गोंदवून घेतलं त्यांनी त्याच पावली रामकुंडात डुबकी मारू नये. ताजा टॅटू ही जखम असते. ती भरायला दोन-तीन आठवडे तरी लागतात, आणि तोवर नदी, तलाव, पोहण्याचा हौद, सगळं वर्ज्य. पुण्य थोडं लांबलं तर बिघडत नाही.

स्टुडिओत हे सगळं चांगलं असतं का? चांगल्या स्टुडिओत असतं. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडतात, शाई बाटलीतून छोट्या टोपणात ओतून घेतात आणि उरलेली फेकून देतात, मशीनला प्लॅस्टिकचं वेष्टन असतं. गंगापूर रोडवरचा गुळगुळीत काचेचा दरवाजा बघून मात्र हे गृहीत धरू नका. तिथल्या दिव्यांचा आणि सुईचा काही संबंध नाही. विचारायचं. विचारल्यावर जो वैतागतो त्याच्याकडून उठून यायचं.

सुई कातडीत जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाते. वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो, म्हणून शाई त्याच्या खालच्या थरात सोडावी लागते. तिथं ती टिकते कशी, याची गोष्ट मला टॅटूपेक्षाही आवडते. शाई आत आली की शरीराला ती आक्रमण वाटते. मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावत येतात आणि शाईचे कण गिळून टाकतात. गिळतात, पण पचवता येत नाही. मग त्या पेशी पोटात शाई घेऊन तिथंच बसून राहतात. 2018 साली फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपट्या गोंदवून दाखवलं की या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातली शाई बाहेर पडते आणि शेजारी आलेली नवी पेशी ती पुन्हा गिळते. म्हणजे ‘कायमचा’ टॅटू हा प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्या चाललेला सांभाळ असतो. थोडी शाई निसटते, ती काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिकाग्रंथींमध्ये जाऊन बसते. तिथं ती काय करते याकडे आता शास्त्रज्ञांचं बारीक लक्ष आहे. युरोपीय संघानं 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या, ते उगीच नाही.

काळी शाई म्हणजे बहुधा कार्बन, साध्या भाषेत काजळी. पण कातडीच्या आत गेलेली काजळी बाहेरून निळसर-हिरवी दिसते, कारण कातडी निळा प्रकाश जास्त परत विखुरते. आमच्या आत्यांच्या हनुवटीवरचे तीन ठिपके हिरवे का, हे कोडं मला लहानपणी होतं. मला वाटायचं, तेव्हा हिरवी शाईच मिळत असेल.

या आत्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. त्या वडिलांच्या थोरल्या बहीण, माहेर निफाडकडचं एक खेडं. कपाळावर मधोमध एक ठिपका, हनुवटीवर तीन, डाव्या हातावर तुळशीवृंदावन आणि त्याच्या खाली विंचू. हे सगळं लग्नाआधी, म्हणजे पाच-सात वर्षांच्या असताना. गावात गोंदणारीण यायची. दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया, काजळी कालवलेली वाटी. आजीनं पाय धरले, चुलतीनं हात धरले, आणि गोंदणारीण गाणं म्हणत टोचत गेली. गाणं पोरीनं रडू नये म्हणून. “म्या गाण्यापेक्षा मोठ्यानं रडले,” आत्या सांगायच्या. वर हळद आणि तेल. मजुरी म्हणून सूपभर बाजरी. दोन दिवस ताप होता.

का गोंदवायचं? याला आत्यांकडे एक उत्तर नव्हतं, पाच होती. गोंदलं नाही तर सासरी नावं ठेवतात. गोंदलं की दृष्ट लागत नाही. हात दुखत नाही. ही सवाष्णीची शोभा आहे. आणि सगळ्यांत शेवटी, जरा आवाज खाली आणून, “मेल्यावर सगळं हितंच राहतं. डाग-दागिने पोरं वाटून घेत्यात. गोंदण तेवढं संगं येतं.” हे शेवटचं मी जिल्ह्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांकडून ऐकलं आहे, सुरगाणा-पेठच्या कोकणा आदिवासी बायकांपासून सिन्नरच्या आज्यांपर्यंत. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावरच्या घरात राहिलेल्या बायकांनी आपल्या मालकीचं म्हणून जे मोजलं, ते हे.

लग्नानंतर पहिल्याच जत्रेत नणंदेनं आत्यांच्या उजव्या हातावर नवऱ्याचं नाव घालून घेतलं. आता गंमत बघा. आत्यांनी नवऱ्याचं नाव जन्मात उखाण्याशिवाय घेतलं नाही. ते नाव त्यांच्या हातावर होतं आणि त्यांना वाचता येत नव्हतं. गोंदणाऱ्यालाही फारसं येत नसावं. पुढे पन्नाशीनंतर त्या नाशिकला आमच्याकडे राहायला आल्या, गल्लीतल्या साक्षरतेच्या वर्गाला जायला लागल्या, आणि एके दिवशी ओट्यावर बसून बोटानं अक्षरं लावत त्यांनी आपला हात वाचला. रा, म, च, द्र. ‘च’वर अनुस्वार नव्हता. सगळं घर हसलं. आत्या सगळ्यांत जास्त. “माणूस बी तसाच व्हता,” म्हणाल्या, “थोडा कमीच.”

तेव्हा मामा, म्हणजे आत्यांचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते गेले तो दिवस मला आठवतो, मी शाळेत होते. बायकांनी आत्यांच्या बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र काढलं, कुंकू पुसलं. आत्या कुंकू नेहमी रुपयाएवढं लावायच्या. ते पुसलं गेलं आणि खालून हिरवा ठिपका वर आला. मी तो पहिल्यांदाच पाहिला. पुसणारीनं पदर ओला करून पुन्हा पुसलं. तिला वाटलं असावं, कुंकवाचा डाग राहिला. तो निघाला नाही. मग हातावरचं नाव. तेही होतं तिथंच. चालीरीतींनी एका बाईच्या अंगावरून जे जे काढून घेता येतं ते सगळं तासाभरात काढलं, आणि जे त्याच चालीरीतींनी पोरवयात पाय धरून अंगात घातलं होतं ते मात्र कोणाला काढता आलं नाही.

त्यामुळे ‘कायमचं आहे’ हा टॅटूवरचा आक्षेप मला चटकन पटत नाही. कायमचं असणं कोणाच्या बाजूनं आहे, ते बघावं लागतं. आत्यांच्या कपाळावरचा ठिपका त्यांच्या बाजूनं उभा राहिला. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बंगाल प्रांतात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवत असत. माणूस पळाला तरी कपाळ कुठे नेणार? ही शिक्षा 1849 साली बंद झाली. सुई तीच, काजळी तीच, जागाही तीच.

आमच्या आईच्या पिढीनं हे सगळं धुडकावलं. आई चौथी शिकली होती आणि गोंदणारीण आली की माळ्यावर लपायची. गोंदण म्हणजे अडाणी, गावंढळ, हे समीकरण त्या पिढीत पक्कं झालं. शहरात आलेल्या काही बायकांनी तर चुना, ॲसिड असलं काहीबाही लावून गोंदण जाळायचा प्रयत्न केला. हिरव्याच्या जागी पांढरा, ओढलेला व्रण घेऊन त्या जगल्या. आणि आता त्यांच्याच नाती पैसे मोजून, भूल देणारं क्रीम लावून, हनुवटीवर तीन ठिपके काढून घेतात आणि त्याला ‘ट्रायबल’ म्हणतात. मला याचा राग येत नाही. हसू येतं थोडं. एवढंच वाटतं की चित्र उचलताना त्या पाय धरलेल्या पोरीचा ताप कोणाला दिसत नाही.

नाती स्वतः निवडतात, हा फरक लहान नाही. आत्यांना पश्चात्ताप कधी झाला नाही, कारण निर्णय त्यांचा नव्हता. आपण निवडलं की चुकण्याची जबाबदारीही आपल्याकडे येते. रक्तदानाच्या पलंगावर पंधरा मिनिटं आडवा पडलेला माणूस बराच मोकळा बोलतो, आणि टॅटूंच्या पश्चात्तापाच्या गोष्टी मी तिथं पुष्कळ ऐकल्या आहेत. बहुतेक नावांच्या. एका मुलाच्या दंडावर इंग्रजी अक्षर होतं, त्यावरून नंतर मोठं गुलाब फिरवलं होतं. गुलाब एवढा दाट का, तर खालचं झाकायला. “आता बायको विचारते, एवढा मोठा गुलाब कशाला?” म्हणाला. दुसऱ्याने मुलीचं नाव मनगटावर काढलेलं आणि त्याचा त्याला काडीचाही पश्चात्ताप नव्हता. नाव चार वर्षांच्या लेकीचं होतं. तेवढ्यावर मी माझं मत बनवलं आहे: लेकराचं नाव चालतं, आईबापाचं चालतं, बाकीच्यांचं जरा थांबून. हे मत फारसं उदार नाही, पण अनुभवाचं आहे.

देवाचं वेगळं. त्यात जागेचा प्रश्न येतो. पोटरीवर महादेव काढलेल्या मुलाला त्याच्याच आजीनं घरात घेतलं नव्हतं. ओळख सांगणाऱ्या टॅटूंचा प्रश्न त्याहून अवघड. दिंडोरी, कळवण, सटाण्याकडून शिकायला आलेली मुलं इथं खोल्या शोधत फिरतात. घरमालक आडनाव विचारतो, जेवण काय करता विचारतो, आणि त्याआधी हाताकडे बघतो. अभिमानानं कोरलेली खूण अशा दारात उभं राहिल्यावर झाकावी लागते, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून खोली मिळवणारी मुलं मला माहीत आहेत. यात टॅटूचा दोष नाही, घरमालकाचा आहे. सोसावं मात्र पोराला लागतं. यावर काय करावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तीच खूण मिरवत खोली नाकारून बाहेर पडलेली मुलंही आहेत, आणि मला ती जास्त आवडतात.

नोकरीचे तरी नियम लिहिलेले आहेत. आपल्या जिल्ह्यात देवळाली आहे, तोफखान्याचं गाव, आणि सिन्नर-निफाडच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी पळणारी पोरं कायम दिसतात. त्यांतल्या कितीजणांना माहीत असतं की सैन्यात कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो, छाती-खांद्यावर नाही? निमलष्करी दलांत तर डावाच हात, कारण सलाम उजव्यानं करतात, आणि तोही त्या भागाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा लहान. आदिवासी उमेदवारांच्या पारंपरिक गोंदणाला सैन्यात रूढीप्रमाणे सवलत आहे, ती योग्यच. शिबिरात एक मुलगा भेटला होता, दौडीत पहिला येणारा, उजव्या खांद्यावर वाघाचं तोंड. त्याला हे मी सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग गप्प झाला. मग विचारलं, “मॅडम, काढता येतो ना?”

काढता येतो. लेसरनं शाईचे कण फोडतात, बारीक झालेले कण शरीर हळूहळू वाहून नेतं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी-निळी हट्टी असते. बैठका बऱ्याच लागतात, दोन बैठकांत सहा-आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, काढताना घालण्यापेक्षा जास्त दुखतं, खर्च कैकपट. आणि आपल्या सावळ्या कातडीवर शाईबरोबर तिचा स्वतःचा रंगही जाऊन फिकट चट्टा राहू शकतो. भरतीची तारीख तोंडावर असेल तर या हिशेबात बसत नाही.

कातडीच्या डॉक्टरांचे म्हणून जे इशारे आहेत ते पटकन सांगते. कोड किंवा सोरायसिस असेल तर जिथं सुई लागली तिथंच नवा चट्टा उठू शकतो. जखमेचा व्रण फुगून गाठ होण्याची प्रकृती असेल, घरात कोणाला तसं असेल, तर छाती आणि खांदा टाळा. ॲलर्जी सगळ्यांत जास्त लाल रंगाची. मधुमेह ताब्यात नसेल तर आधी तो आणा. तीळ, मस यांच्यावरून काही काढू नका, पुढे त्यांच्यात बदल झाला तर दिसणार नाही. आणि ‘तात्पुरता टॅटू’ म्हणून जी काळीभोर मेंदी लावतात तिला निरुपद्रवी समजू नका. मेंदी काळी नसते. काळेपणा बहुधा केसांच्या कलपातल्या रसायनाचा असतो, त्यानं कातडी भाजून निघते आणि पुढे जन्मभर कलप लावायची चोरी होते.

एवढं सगळं माहीत असलेल्या बाईकडे माझी भाची सल्ला मागायला आली. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. ताईनं घरात आधीच जाहीर केलं होतं, की टॅटू काढलास तर स्थळं येणार नाहीत. त्यावर भाची म्हणाली, “मग तर काढायलाच हवा.” मावशी आपल्या बाजूनं बोलेल असं दोघींनाही वाटत होतं.

“काय काढणार?” मी विचारलं.

“मुंगी.”

“मुंगी?”

“हो. मनगटावर. चालतेय अशी.”

“म्हणजे, त्याचा अर्थ काय?”

“अर्थ काही नाही गं मावशी. मुंगी आहे.”

मी तिला पुष्कळ खोदून पाहिलं. कष्टाचं प्रतीक वगैरे? नाही. कोणाची आठवण? नाही. ती चित्रं काढत बसते तेव्हा कागदाच्या कडेला मुंग्या काढते, तिला त्या जमतात, बस. ताई म्हणाली, कारण नाही तर काढायचं कशाला. मला मात्र जसजसा विचार केला तसतशी ही मुंगी आवडत गेली. मी ज्या पश्चात्तापाच्या गोष्टी ऐकल्या, त्या सगळ्या अर्थाच्या होत्या. माणूस सोडून गेला, शपथ मोडली, पक्ष बदलला, श्रद्धा आटली, आणि अर्थ हातावर तसाच राहिला. मुंगी कोणाला सोडून जाणार? आत्यांच्या हातावरच्या विंचवालाही काही अर्थ असेल म्हणून मी एकदा विचारलं होतं. “इच्चू हाय त्यो,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तुळशीबद्दल त्या अर्धा तास बोलायच्या.

मी भाचीच्या बाजूनं मत दिलं. ताई दोन दिवस फोनवर आली नाही.

मत दिलं ते अटींसकट. पहिली अट, सुईचं पाकीट समोर फोडून घ्यायचं, आणि हिपॅटायटिस बीची लस लहानपणी पूर्ण झाली होती का ते ताईच्या फाइलमध्ये बघायचं. दुसरी, कोपराची लवण कायम मोकळी ठेवायची. मुंगीला जोडीदार आणायचे झाले तरी ते मनगटापासून वर चढताना तिथं थांबतील. ती जागा माझ्यासारख्यांची आहे. तिसरी, टॅटूनंतर वर्षभर रक्त देता येणार नाही, तर आधी एकदा देऊन मग जायचं. उन्हाळ्यात कॉलेजं बंद होतात, शिबिरं आटतात आणि आमचे फ्रीज रिकामे पडतात, त्यात एका पिशवीची भर.

ती लगेच तयार झाली. दुसऱ्याच दिवशी आली, फॉर्म भरला, वजन केलं. बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन बघितलं तर 11.4. आमच्याकडे किमान साडेबारा लागतं. पोरगी हिरमुसली. मीही थोडी चरकले, कारण चहा-बिस्किटांवर रात्री जागणाऱ्या या मुलींचं रक्त असंच असतं आणि घरात कोणाला पत्ता नसतो. टॅटूची चौकशी करणारी आई हिमोग्लोबिनची करत नाही. ताईला फोन करून हे सांगितलं, तेव्हा तिचा अबोला सुटला.

आता भाची डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेते आहे, वर लिंबू पिळलेली पालेभाजी. टॅटूवाल्यानं तिला दोनदा फोन केला, तिनं त्याला “रक्त वाढलं की येते” असं सांगितल्यावर तो काय समजायचं ते समजला असेल. मधल्या काळात चित्र मात्र बदललं. मी तिला आमच्या एका जुन्या रक्तदात्याच्या मनगटाचा फोटो त्याला विचारून दाखवला. पंधरा वर्षांपूर्वी नाजूक अक्षरांत लिहिलेली ओळ आज पसरून नुसती निळी पट्टी झाली आहे. शाई वर्षागणिक कडेनं फाकते, बारीक रेघा एकमेकींना चिकटतात. तुझ्या मुंगीचे सहा पाय एवढ्या लहान जागेत काढलेस तर चाळिशीत ती वाटाणा दिसेल, म्हटलं. पाय लांब कर, मध्ये जागा सोड.

काल तिनं नवं चित्र पाठवलं आहे. मुंगीचा मुंगळा झालाय, आणि हिमोग्लोबिन 12.1.